हुबेहूब वासरू : ते कसे घडवितात आणि बहुधा का दगावते

न्यासाच्या या महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा वृत्तांत, देणगीदारांची नामावली आणि गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक येणार, हे ओघानेच आले. त्याबरोबर शेतीभातीच्या घरांना उपयोगी पडेल असे काही शास्त्रीय लिहावे, अशी सूचना संपादक मंडळींकडून आली, तेव्हा आम्हांस विषय शोधीत बसावे लागले नाही. बेला, जैनथ या बाजूच्या खेड्यांतून आणि पैनगंगेपलीकडच्या नातलगांकडून एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. दारची गुणी म्हैस म्हातारी झाली, किंवा गावाने नावाजलेला देवणी वळू थकला, म्हणजे घरातले कोणीतरी म्हणते, "हल्ली म्हणे कानाच्या तुकड्यापासून तसेच्या तसे जनावर करतात. मग आपल्या जनावराचे का करू नये?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरचा दिवाळसण आणि मुलांची फी दोन म्हशींच्या दुधावर निघते, त्या घरातून असे जनावर गेले की नुसते दूध जात नाही, घराचा आधार जातो. मागे राहिलेली वगार आईच्या गुणाची निघेल याची हमी कोणी देत नाही. कर्ज काढून बाजारातून आणलेली म्हैस कशी निघेल, हे तर तिचे दावे सोडून देणाऱ्यालाच ठाऊक. तेव्हा उत्तर नीट द्यावयास हवे.

थोडक्यात सांगावयाचे तर, होय, असे जनावर करता येते. आपल्या देशात म्हशीचे २००९ साली झाले, गाईचे २०२३ साली झाले. परंतु शंभर वेळा यत्न करावा तेव्हा हाती फार थोडी वासरे लागतात, आणि त्यांतलीही काही दगावतात. असे का होते, हे समजून घेण्यात खरी गंमत आहे आणि आपले हितही आहे.

या क्रियेला 'क्लोनिंग' म्हणतात. हा शब्द डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे, आणि तो नेमका आहे. वनस्पतींच्या बाबतीत आपण हे पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. हळदीचे बेणे लावतो, उसाची कांडी पुरतो, केळीचे मुनवे काढून दुसरीकडे लावतो, आंब्याला कलम करतो. त्यांत बाप नाही, मिश्रण नाही. मूळ झाडाचेच ते पुढे चालू राहणे होय. गाईम्हशींचे तसे नाही. वासरात अर्धा वाटा आईचा, अर्धा बापाचा, आणि दर वेताला हे पत्ते नव्याने पिसले जातात. म्हणून एकाच म्हशीच्या एकाच रेड्यापासून झालेल्या दोन वगारींत एक भांडेभर दूध देते, दुसरी लाथच देते. निसर्गात हुबेहूब प्रत एकाच प्रसंगी होते. एका फळलेल्या बीजांडाचे आपोआप दोन भाग होऊन एकासारखी एक जुळी जन्मतात, तेव्हा.

मग जनावराची डहाळी कुठली? तर त्याच्या अंगाची कोणतीही पेशी. म्हशीच्या कातडीतील एक पेशी घेतली तर तिच्या केंद्रकात पन्नास गुणसूत्रे असतात, आणि त्यांत सबंध म्हैस घडविण्याची माहिती असते. शिंगाची, कासेची, खुराची, सगळी. हे दप्तर प्रत्येक पेशीत पुरे असते. परंतु ते सगळे उघडलेले नसते. जुन्या वाड्यांतून मोडी कागदांचे रुमाल ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही गोष्ट चटकन कळेल. कातडीच्या पेशीत कातडीच्या कामाचे रुमाल तेवढे सोडलेले असतात. दुधाचे, रक्ताचे, मेंदूचे रुमाल तिथेच असतात, पण गाठी मारून, वर लाख लावून बंद केलेले. या गाठी म्हणजे गुणसूत्रांच्या धाग्यावर चिकटलेल्या बारीक रासायनिक खुणा होत. त्या कागदावरचा मजकूर बदलीत नाहीत, वाचावयाचे काय आणि न वाचावयाचे काय एवढे ठरवितात. त्या नसत्या तर कातडीच्या जागी कातडी राहिली नसती.

या गाठी एकदा बसल्या की सुटत नाहीत, असे पुष्कळ दिवस मानले जात होते. १९६२ साली इंग्लंडात जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिलाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक काढून, मूळ केंद्रक नष्ट केलेल्या बीजांडात घातले आणि त्यापासून पोहणारी पिले झाल्याचे दाखविले. बीजांडातील रसाला त्या गाठी सोडविता येतात, हा त्याचा अर्थ. या कामासाठी त्यांना २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेत डॉली नावाची मेंढी जन्मली. सहा वर्षांच्या पांढऱ्या तोंडाच्या मेंढीच्या कासेतील पेशी घेतल्या. त्यांना काही दिवस उपाशी ठेवून शांत केले, म्हणजे त्यांची वाढ थांबली आणि त्या बीजांडाशी जुळत्या अवस्थेत आल्या. मग त्या काळ्या तोंडाच्या मेंढीच्या बीजांडांत घातल्या. कोकरू पांढऱ्या तोंडाचे निघाले, तेव्हा पाहणाऱ्यालाही खात्री पटली. परंतु या यशाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. अशी बीजांडे जोडली २७७. त्यांतून गर्भाशयात ठेवण्याजोगे गर्भ निघाले २९. ते १३ मेंढ्यांत ठेवले. आणि कोकरू जन्मले एक.

आपल्याकडील काम हरियाणात कर्नालच्या राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत झाले. परदेशांत या कामासाठी सूक्ष्मदर्शकाला जोडलेली काचेच्या सुयांची महागडी यंत्रे वापरतात. कर्नालच्या शास्त्रज्ञांनी हाताने करावयाची सोपी रीत बसविली, आणि याचा आम्हांस अभिमान वाटतो. कत्तलखान्यातून म्हशींच्या बीजकोशांतील बीजांडे मिळवावयाची. ती एक दिवस अंगाइतक्या उबेत पिकवावयाची. बीजांड म्हणजे मिलिमीटरच्या दशांशाहून किंचित मोठा ठिपका. त्याचे बाहेरचे कवच पाचक रसाने विरघळविले आणि औषध दिले की ज्या बाजूस गुणसूत्रे आहेत तिथे बारीकसा उंचवटा येतो. तेवढा उंचवटा बारीक पात्याने हाताने छाटून टाकावयाचा. असे दोन रिकामे तुकडे घेऊन मधे कातडीची एक पेशी ठेवावयाची आणि विजेचा सौम्य झटका द्यावयाचा. तिन्ही मिळून एक होतात. मग रसायनांनी त्याला जागे करावयाचे, कारण इथे शुक्रजंतू आलेला नाही, जागे करणारा दुसरा कोणी नाही. सात-आठ दिवस काचेच्या थाळीत वाढवून हा गर्भ दुसऱ्या म्हशीच्या गर्भाशयात ठेवावयाचा. पुढे दहा महिन्यांहून अधिक वाट पाहावयाची.

६ फेब्रुवारी २००९ रोजी अशी पहिली वगार जन्मली. तिचे नाव समरूपा. ती आठवडाही जगली नाही. फुप्फुसांनी दगा दिला. त्याच वर्षी ६ जूनला गरिमा जन्मली. ती दोन वर्षांहून थोडी अधिक जगली आणि २०११ साली हृदयविकाराने गेली. २२ ऑगस्ट २०१० रोजी दुसरी गरिमा जन्मली, ती मात्र चांगली वाढली. तिला नेहमीप्रमाणे कृत्रिम रेतन केले आणि २५ जानेवारी २०१३ रोजी तिला महिमा नावाची निरोगी वगार झाली. हिसारच्या केंद्रीय म्हैस संशोधन संस्थेतही डिसेंबर २०१५मध्ये 'हिसार-गौरव' नावाचा रेडा अशाच रीतीने जन्मला. गाईच्या बाबतीत जास्त वाट पाहावी लागली. १६ मार्च २०२३ रोजी कर्नालला गंगा नावाची गीर कालवड जन्मली, वजन ३२ किलो. पेशी गीर गाईच्या शेपटीची, बीजांड साहिवाल गाईचे आणि पोट तिसऱ्याच गाईचे. एका कालवडीला तीन आया. आपल्या पुराणांतही इतकी गुंतागुंत क्वचितच आढळेल!

आता हे बहुधा का फसते, ते पाहू.

शास्त्रज्ञाचा हात चुकतो म्हणून फसते, असा पुष्कळांचा समज असतो. हात चुकतो, बीजांडे खराब होतात, हे खरे. पण तो तोटा थाळीतच कळून येतो. खरी मेख पुढे आहे. सात दिवसांचा गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली अगदी निकोप दिसतो आणि तरी पुढे जातो. याचे कारण असे की गर्भाचे पहिले तीन-चार दिवस बीजांडात आईने भरून ठेवलेल्या शिदोरीवर निघतात. आठ ते सोळा पेशी झाल्यावर गाईच्या गर्भाचा स्वतःचा कारभार सुरू होतो आणि तेव्हा प्रथम ते दप्तर उघडावे लागते. गाठी सुटल्या आहेत की नाहीत, याची परीक्षा त्या वेळी होते.

नैसर्गिक रीतीत शुक्रजंतू आणि बीजांड ही दोन्ही या प्रसंगासाठीच महिनोन्‌महिने तयार झालेली असतात. त्यांच्या गाठी सहज सुटतील अशा बांधलेल्या असतात. कातडीच्या पेशीने मात्र आपण पुन्हा कधी वासरू होऊ, अशी तयारी कधीच केलेली नसते. तिच्या वर्षानुवर्षांच्या गाठी बीजांडाने काही तासांत सोडवाव्या, अशी आपण अपेक्षा करतो. काही सुटतात, काही अर्ध्या सुटतात, काही तशाच राहतात. प्रत्येक गर्भात हा घोटाळा वेगळा. म्हणून एकाच कानाच्या पेशींपासून केलेल्या दहा गर्भांतला एक जगतो आणि नऊ वेगवेगळ्या रीतीने मरतात.

त्यात आणखी एक अडचण. काही गाठी मुळीच सोडावयाच्या नसतात. थोडी जनुके अशी आहेत की ती केवळ बापाकडून आलेल्या प्रतीवरून वाचावयाची, आणि काही केवळ आईकडून आलेल्या. त्यांवरच्या खुणा जन्मभर टिकाव्या लागतात. त्या पुसल्या गेल्या तर गर्भाच्या वाढीचे माप बिघडते. म्हणजे बीजांडाने बहुतेक गाठी सोडाव्या आणि निवडक तेवढ्या सांभाळाव्या, आणि हे सगळे घाईत.

या चुकांचा फटका सर्वांत आधी बसतो तो वारेला, जिला आपल्याकडे जार म्हणतात. गाय व्याल्यावर जार पडला की नाही ते आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. त्या जारावर ज्या बटणांसारख्या गाठी असतात, त्यांतूनच गर्भाला रक्ताचे पोषण मिळते. चांगल्या जारात त्या शंभराच्या आसपास असतात. क्लोन केलेल्या गर्भाच्या जारात त्या पुष्कळदा थोड्या आणि बेसुमार मोठ्या असतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत गर्भ जातात ते मुख्यत्वे या दोषामुळे. जे टिकतात त्यांतल्या काहींत गर्भाशयात पाणी साठते, वासरू अवाजवी मोठे होते, पोट फाडून काढावे लागते. आणि बाहेर आल्यावर त्याची फुप्फुसे किंवा हृदय साथ देत नाही. समरूपाची कथा या ओळीतली आहे. जिच्या पोटी हा गर्भ ठेवतात त्या मुक्या म्हशीचे हाल कोणी फारसे लिहीत नाही, म्हणून आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

दोष जारात आहे, याची मोठी साक्ष अलीकडे माकडांवरून मिळाली. चीनमध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दोन माकडे क्लोन करून जन्माला घातली. त्यासाठी गर्भातील पेशींपासून केलेले ७९ गर्भ २१ माद्यांत ठेवले होते. मोठ्या वयाच्या माकडाच्या पेशी वापरून १८१ गर्भ ४२ माद्यांत ठेवले, तेव्हा दोन पिले जन्मली आणि लवकरच मेली. मग त्यांनी एक युक्ती केली. क्लोन केलेल्या गर्भाचा जार होणारा बाहेरचा भाग काढून टाकला आणि त्या जागी नेहमीच्या रीतीने फळलेल्या गर्भाचा भाग बसविला. असे ११ गर्भ सात माद्यांत ठेवले, आणि एक नर पिलू जन्मून धडधाकट वाढले. हे २०२४च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. गाईम्हशींत एकंदर हिशेब पाहिला तर ठेवलेल्या शंभर गर्भांमागे जिवंत वासरे बहुधा दहाच्या आतच राहतात.

क्लोन केलेले जनावर जन्मतःच म्हातारे असते, अशी एक अफवा डॉलीमुळे पसरली. डॉली २००३ साली, साडेसहा वर्षांची असताना गेली. परंतु तिचा रोग विषाणूमुळे होणारा फुप्फुसाचा विकार होता, आणि तो साध्या मेंढ्यांनाही होतो. तिच्याच पेशींपासून पुढे केलेल्या चार मेंढ्या सात ते नऊ वर्षांच्या झाल्यावर तपासल्या, त्या निरोगी निघाल्या; हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. जे पहिल्या काही महिन्यांतून वाचते ते पुढे बहुधा नीट जगते. महिमेसारखी क्लोनची पोरे तर सर्वसाधारण जनावरांसारखीच असतात, कारण त्यांच्या वेळी बीजांड व शुक्रजंतू पुन्हा रीतसर तयार होतात आणि मागचा घोटाळा पुसला जातो.

समजा, दैवाने साथ दिली आणि वासरू जगले. ते खरेच हुबेहूब असेल काय? देवणी जातीचे उदाहरण घेऊ. आपल्या शेजारच्या लातूर, नांदेड भागातली ही जात. तिच्यात सगळी पांढरी ती बालंक्या, तोंड काळे ती वानेरा आणि अंगावर काळे ठिपके ती शेवेरा. शेवेरा वळूचे क्लोन केले तर ठिपके येतील, पण त्याच जागी येणार नाहीत. रंगाच्या पेशी गर्भात कुठवर सरकतात, हे बरेचसे योगायोगावर असते. अमेरिकेत टेक्सासमध्ये २००१च्या डिसेंबरात तिरंगी मांजरीचे क्लोन केले, तर पिलू दुरंगी निघाले! शिवाय पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणांची थोडी जनुके निराळी असतात आणि ती बीजांडाकडून येतात. गंगेत ती साहिवालची आहेत. आणि दुधाचे म्हणाल तर ते निम्म्याहून अधिक चारा, पाणी, गोठा आणि हात यांवर आहे. कोरड्या कडब्यावर ठेवलेली लाख रुपयांची प्रत कोरडीच राहील.

जंगली जनावरांविषयी लोकांच्या आशा तर याहून मोठ्या आहेत. आपल्या कवालच्या रानात गवा आहे. या गव्याचे क्लोन अमेरिकेत एका साध्या गाईच्या पोटी २००१च्या जानेवारीत जन्मले आणि दोन दिवसांत हगवणीने गेले. स्पेनमध्ये नामशेष झालेल्या एका रानबोकडाची जात २००३ साली अशीच परत आणली. ते पिलू काही मिनिटे जगले, फुप्फुसेच धड नव्हती. आपल्या हैदराबादेत पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००० सालाच्या सुमारास इराणी चित्त्याच्या पेशी घेऊन, बिबट्याच्या मादीच्या पोटी चित्ता घडविण्याचा विचार मांडला होता. इराणने पेशी देण्याचे नाकारले आणि तो बेत तिथेच राहिला. शेवटी २०२२च्या सप्टेंबरात नामिबियातून जिवंत चित्तेच विमानाने आणावे लागले. छत्तीसगडच्या उदंती रानातील आशा नावाच्या रानम्हशीच्या पेशींपासून कर्नालला १२ डिसेंबर २०१४ रोजी दीपाशा जन्मली, परंतु ती खरोखर रानम्हशीसारखी आहे काय, याविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या. प्राणहितेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात कोलामार्काच्या रानात थोड्या रानम्हशी अजून चरत आहेत. त्यांचे गवत आणि पाणी राखणे हे कितीतरी स्वस्त काम आहे.

मग क्लोनिंगचा उपयोग काहीच नाही, असे आम्ही म्हणत नाही. म्हशीपेक्षा वळूच्या बाबतीत तो अधिक आहे. परीक्षेला उतरलेला उत्तम रेडा किंवा वळू थोडा असतो, आणि त्याच्या एकट्याच्या रेतनाच्या मात्रा हजारो घरी जातात. असा एक पुन्हा घडविला तर खर्च निघू शकतो. एका घरच्या एका म्हशीसाठी मात्र तो निघणार नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. आणि कोणी गावात येऊन आगाऊ पैसे मागून असे जनावर करून देतो म्हणाला, तर त्याला प्रथम त्याची प्रयोगशाळा दाखवावयास सांगावे.

आम्हांस भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. क्लोन मूळ जनावरापेक्षा सरस कधीच होत नाही; तो होता तिथेच थांबतो. एकाच वळूच्या प्रती गावोगाव पसरल्या तर लाल कंधारी, देवणी, गवळाऊ, नागपुरी म्हैस यांच्यात आज जो नानापरीचा वाण आहे तो आटत जाईल. २०२२ साली लंपीच्या साथीत महाराष्ट्रात हजारो जनावरे गेली, तरी काही जनावरे तरली. तरणारी तरली यात त्यांच्या वेगवेगळ्या रक्ताचाही वाटा असतो. सगळीच एका साच्याची असती तर साथीला गोठा निवडण्याचे कारण उरले नसते.

म्हणून ज्यांच्या दारी गुणी म्हैस आहे त्यांनी आजच करावयाची कामे साधी आहेत. दर वेताचे दूध वहीत मांडून ठेवावे. तिला रेतन करताना कोणत्या वळूचे बीज आहे ते विचारावे, त्याच्या आईचे दूध किती होते ते विचारावे, आणि त्याच वळूचे बीज तिच्या वगारीला पुन्हा देऊ नये. दोन-तीन वगारी राखाव्या. आणि एखाद्या जनावराच्या पेशी जपून ठेवण्याइतके ते मोलाचे आहे असे पशुवैद्यकांनाच वाटले, तर कानाचा तुकडा ते जिवंत असताना घेतात. प्रयोगशाळेत त्या पेशी वाढवून, गोठताना फुटू नयेत म्हणून औषध घालून, द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. जनावर मेल्यावर काही तासांत थंड जागी ठेवून पोहोचविलेला तुकडाही कधी चालतो. उन्हात दिवसभर पडलेल्या जनावराचा चालत नाही, आणि घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात टाकलेल्या तुकड्यातील पेशी बहुधा फुटून मरतात.